बदली हाजरी

डब्याची कडी खट्कन लागली. सकाळपासून आमच्या दोन खोल्यांत झालेला तो पहिला आवाज. त्याआधी चहा झाला होता, अंघोळी झाल्या होत्या, गोदूच्या वेण्याही घालून झाल्या होत्या, पण कोणी कोणाशी बोललं नव्हतं. निरंजननं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि नेहमीसारखा कामावर निघाला. फरक एवढाच की काम नव्हतं.

लिहिताना मी त्याला नावानं लिहिते. तोंडानं अजून 'अहो'च आहे.

शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाच्या एका कारखान्यात तो भट्टीवर ऑपरेटर. अमेरिकेतल्या बँका बुडाल्याचं आम्ही टीव्हीवर पाहिलं तेव्हा ती दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट वाटली होती. दिवाळी झाली आणि लोखंडाला गिऱ्हाईक उरलं नाही. भट्टी थंड झाली. पण कारखान्यानं कोणालाही काढलं नाही, आणि हीच तर अडचण होती. काढलं असतं तर माणूस भांडला असता, चार दिवस अंथरुणात पडून राहिला असता, मग उठून दुसरीकडे गेला असता. इथं तसं नव्हतं. नाव पटावर होतं. रोज सकाळी गेटवर जायचं, गार्ड नाव पुकारेल तेव्हा 'हाजिर' म्हणायचं, आणि भट्टी कधीही पेटू शकते म्हणून दुपारपर्यंत समोरच्या करंजाच्या झाडाखाली बसायचं. त्याचा अर्धा पगार. एक दिवस चुकला की 'स्वतःहून सोडून गेला' असा शेरा. मग अर्धाही नाही आणि इतक्या वर्षांच्या नोकरीचं जे काही मिळायचं तेही नाही.

गेटवर सांगत की सरकारनं कारखान्यांना विजेत सूट दिली आहे, अट एकच, माणसं कमी करायची नाहीत. म्हणून माणसं कमी होत नव्हती. झाडाखाली बसत होती.

माझ्या सासऱ्यांना, आम्ही मामाजी म्हणतो, यात काही वावगं दिसत नव्हतं. ते सिंचन खात्यात टाइमकीपर होते, आठ-नऊ वर्षांपूर्वी आमचं हे नवं राज्य वेगळं झालं त्या सुमारास रिटायर झाले. तरुणपणी, सहासष्टच्या दुष्काळात, त्यांनी राहत कामांवर, म्हणजे दुष्काळी कामांवर, हाजरी घेतलेली. तलाव खोदायची कामं सरकारनंच काढली होती. जो येईल त्याच्या डोक्यावर टोपली, आणि संध्याकाळी पदरात धान्य. त्यांच्या लेखी पटावर नाव असणं म्हणजे घरात चूल असणं.

"नाव कटू देऊ नको बाबू," ते निरंजनला रोज सांगत. "सरकार हाय, उपाशी नाही ठेवत."

निरंजन बोलणं कमी कमी करत चालला होता. आधी दुपारी घरी आला की गेटवरचे विनोद सांगायचा, भट्टीवरच्या हिरालालनं पत्त्यांत कोणाला कसं फसवलं ते सांगायचा. मग विनोद बंद झाले. मग तो आल्यावर नुसता पलंगाच्या कडेला बसू लागला, चपला न काढता, जणू कोणी येऊन नाव पुकारणार आहे. गोदू तिच्या बाहुल्यांना ओळीनं बसवून "निरंजन! हिरालाल! जीवन!" असं ओरडायची आणि बाहुल्यांच्या वतीनं स्वतःच "हाजिर!" म्हणायची. पहिल्यांदा आम्ही हसलो होतो.

त्या सकाळच्या शांततेचं कारण माझा भाऊ होता. सचिन नागपूरला असतो. त्याच्या ओळखीच्या एका फाउंड्रीत भट्टीवरचा जाणता माणूस हवा होता. "सोमवारी ट्रायल आहे, ताई. भाऊजींना सांग, एक दिवस या. हात पाहतील आणि घेतील."

मी निरंजनला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि लगेच विझलं.

"सोमवारी हाजरीचं काय?"

"एक दिवस नाही दिली तर..."

"एका दिवसानंच तं कटते. मागच्या महिन्यात जीवनचं कटलं. सासरा मेला होता त्याचा, मयतीले गेला होता."

"मग काय आयुष्यभर त्या झाडाखाली बसणार आहात?"

हे मी बोलायला नको होतं. तीन माणसांच्या घरात, म्हणजे गोदू धरून चार, भांडायला जागा नसते. म्हणून आम्ही गप्प राहिलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सदर बाजारात भाजी घेताना मला वाटत होतं, प्रत्येक माणूस कुठेतरी चालला आहे, फक्त आमच्याच घरातला एक माणूस रोज निघतो आणि कुठेच पोचत नाही.

रविवारी दुपारी मामाजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "निरंजन, तू जा नागपूरले. हाजरी मी देतो."

निरंजन त्यांच्याकडे पाहतच राहिला. "तुमी? भट्टीवर?"

"भट्टी कुठं चालू आहे? बसाचंच आहे नं? बसता येते मले. बसाले कोणती ट्रेनिंग लागते?"

कितीतरी दिवसांनी तो हसला. मीही. गोदूला काही कळलं नाही, पण तीही आमच्यापेक्षा जोरात हसली.

"असं नाही चालत बाबा," तो म्हणाला.

"काहून नाही चालत? आमच्याकडे चालत होतं. वनमाला नावाची बाई होती कामावर, बाळंतीण झाली. तिची नणंद टोपली उचलाले आली. मी मस्टरमध्ये शेरा लिहिला, 'बदली'. सायेबानं पाहिलं, सही केली. पोट्टं जगलं तिचं. माणसाच्या जागी माणूस आला, काम झालं, बस."

"ते सरकारी काम होतं."

"मग हे काय आहे? सूट कोणाची? अट कोणाची? सरकारचीच नं?"

निरंजननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आता वाटतं, मी मान हलवली नसती तर तो गेला नसता. पण त्याचा चेहरा तसा उजळलेला मी फार दिवसांनी पाहत होते, आणि मला तो विझू द्यायचा नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जाताना त्यानं हिरालालला फोन करून सांगितलं, बाबूजी येतील, सांभाळून घे. हिरालाल म्हणाला म्हणे, "हव, आवन दे. पत्ते खेलाबो बबा ला." येऊ दे, आजोबांना पत्ते खेळवू.

सोमवारी मामाजींनी पांढरा शर्ट घातला. रिटायर झाले त्या दिवशी घातलेला. वर स्वेटर, कानाला मफलर, खिशाला पेन. त्यांना एकट्याला पाठवायला माझं मन होईना, आणि गोदूला ठेवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून आम्ही तिघं निघालो. फाफाडीह चौकातून टेम्पो मिळाला. मामाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि सगळ्या रस्त्यानं त्याला सांगत राहिले की ते ड्युटीवर चालले आहेत.

सिलतऱ्याला उतरलो तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की इथं धूर नाही. गोदूच्या जन्माच्या वेळी मी निरंजनला म्हणायचे, तुमच्या कपड्यांतली काजळी बाळाच्या अंगाला लागते. आता आभाळ चकचकीत निळं होतं. रस्त्याकडेच्या झाडांची पानंसुद्धा धुतल्यासारखी.

गेटसमोर करंज होता. त्याखाली माणसं बसली होती, पोत्यांवर, विटांवर, एकानं तर घरून पाट आणला होता. मला ते सगळं निरंजनकडून ऐकून माहीत होतं, तरी पाहिल्यावर मी चालायची थांबले. धडधाकट माणसं होती ती. मनगटं केवढी जाड. आणि बसण्याची एक सवय झालेली, दवाखान्याच्या बाहेर बसतात तशी.

"आव बबा, बइठव," हिरालालनं पोतं झटकून दिलं. मला म्हणाला, "भाभी, आप चिंता मत करो. गार्ड अपना ही आदमी है."

मी गोदूला घेऊन चहाच्या टपरीशी उभी राहिले.

गार्ड पट घेऊन आला आणि मान वर न करता नावं पुकारू लागला. "जगदीश." "हाजिर." "हिरालाल." "हाजिर." "निरंजन."

"हाजिर!" मामाजींचा आवाज असा खणखणीत होता की गार्डनं मान वर केली.

"ये कौन है?"

"निरंजन के बाबूजी हैं, भैया," हिरालाल घाईनं म्हणाला. "आज की बात है बस. लड़का अस्पताल गया है."

"अस्पताल नाही," मामाजी सुरू झाले, पण हिरालालनं त्यांचा गुडघा दाबला.

गार्डनं खांदे उडवले. "मेरे को क्या. मुंडी पूरी होनी चाहिए." आणि त्यानं पटावर खूण केली.

इतकं सोपं होतं. मी गोदूचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, दुखून राहिलं." मी हात सोडला. टपरीवाल्याला चहा सांगितला. मनातल्या मनात मी नागपूरला घर मांडत होते. एक खोली चालेल. मामाजींना खिडकीजवळ पलंग. गोदूला तिथली शाळा.

चहा प्यायला नव्हता तोच जीप आली.

आतून मॅनेजर धावत बाहेर आला, शर्ट पॅंटमध्ये खोचत. "सब लाइन में! सब लाइन में!" जीपमधून एक तरुण साहेब उतरला. सरकारी खात्याचा, पट आणि माणसं जुळतात का ते पाहायला आलेला. माझ्या भावाच्या वयाचा असेल. चेहरा वाईट नव्हता. उन्हानं डोळे बारीक केले होते आणि पायात नवे बूट होते.

माणसं ओळीत उभी राहिली. मामाजीही. मी पाहिलं, त्यांनी मफलर काढून खिशात कोंबला आणि पाठ ताठ केली. गोदू ओरडली, "आजोबा हाजिर!" दोघं-तिघं हसले. हिरालाल ओठ न हलवता काहीतरी पुटपुटत होता. नंतर त्यानं मला सांगितलं, तो म्हणत होता, बबा, निरंजन बताबे, निरंजन बताबे, निरंजन असंच सांगा.

साहेब एकेका माणसासमोर थांबून नाव विचारत होता आणि पटात पाहत होता. मामाजींच्या समोर आला, थोडा थबकला, आणि विचारलं, "नाम?"

माझ्या डोळ्यांसमोर ते अजून आहे. मामाजी खोटं बोलायला घाबरले असं नाही. त्यांच्या मनात खोटं बोलायचं आलंच नाही. समोर सरकारी माणूस होता, आणि आयुष्यभर हाजरी घेतलेल्या माणसाला हाजरीत चुकीचं नाव कसं सांगता येईल?

"यज्ञेश्वर," ते म्हणाले. "टाइमकीपर, सिंचाई विभाग, सेवानिवृत्त. लड़के की जगह पर आया हूँ साहब. आप उसके नाम के आगे 'बदली' का रिमार्क लिख दीजिए, मैं दस्तखत कर देता हूँ." आणि त्यांनी खिशातलं पेन काढून साहेबापुढे धरलं.

मॅनेजर म्हणाला, "सर, ये खाना लेकर आए होंगे..."

"नाही, नाही," मामाजी त्याला समजावू लागले, "हाजरी दी है मैंने. गार्ड साहब ने लगाई है."

गार्डनं डोळे मिटले.

"बदली क्या होता है?" साहेबानं विचारलं. खरंच माहीत नव्हतं त्याला. आणि मामाजींनी सांगायला सुरुवात केली, त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या हिंदीत. दुष्काळ, तलाव, वनमाला, तिची नणंद, टोपली. साहेब ऐकत होता. मला वाटतं त्याला ऐकायला आवडतही होतं. मग मामाजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात जोडले. म्हणाले, साहेब, काम काढा. तलाव खोदायला लावा, रस्ता करायला लावा, काहीही. ही पोरं बसून बसून गंजून चालली आहेत. बसायला का पैसे देता त्यांना? काम द्या.

झाडाखाली बसणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही आता.

"बाबूजी," साहेब हळू आवाजात म्हणाला, "अब हम काम नहीं खोलते. हम कंपनी को मदद देते हैं. कंपनी आदमी को सँभालती है."

"और कंपनी नहीं सँभाले तो?"

"वही देखने तो आया हूँ."

"देखकर फिर?"

साहेबानं पटाकडे पाहिलं. मग निरंजनच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसासमोर गेला. मामाजींचं पेन तसंच पुढे धरलेलं राहिलं. ते माझ्याकडे वळून हसले. त्यांना वाटलं शेरा लिहिला.

जीप गेल्यावर मॅनेजरनं मला बोलावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मैडम, मैं तो आँख बंद किए था. साहब ने खुद अनुपस्थित लिख दिया. अब मैं हाजिर लिखूँ तो बिजली की छूट जाती है." मी म्हटलं, ते आज परत येतात, उद्या सकाळी उभे राहतील. तो म्हणाला, "कल की हाजिरी उसकी होगी जिसका नाम होगा." आणि माझ्यासमोर, पट्टी ठेवून, नाव कापलं. गोदू माझ्या कडेवर होती. ती पट्टीकडे पाहत होती.

हिरालाल आम्हाला टेम्पोपर्यंत सोडायला आला. मामाजींना चढायला हात देत म्हणाला, "बबा, एक ठन झूठ बोले ले का बिगड़ जातिस?" मग आपल्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखं त्यांच्या पायाला हात लावून निघून गेला. त्याला करंजाखाली परत जाऊन बसायचं होतं.

परतीच्या टेम्पोत मामाजी मागे आमच्यात बसले. भानपुरी येईपर्यंत पेनचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "त्या पोट्ट्याले बदली माहीतच नाही निवेदिता. कोणी शिकवलंच नसंल."

"हो मामाजी."

"शेरा लिहाले जागा असते. मस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचाच असते."

"हो."

"यांच्या पटात नव्हता तो रकाना. मी पाहिलं." आणि बाहेर पाहत, "मी चुकलो का?"

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. इतकं ओरडायचं होतं की दात दुखत होते. त्यांच्या कपाळावर मफलरची खूण उठली होती आणि शर्टाच्या कॉलरला आतून ठिगळ होतं, ते मीच लावलेलं. मी म्हटलं, "ऊन लागतं, मफलर घ्या डोक्याला."

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडले. मी गोदूला भात भरवत होते तेव्हा निरंजनचा फोन आला. आवाज ओळखू येईना इतका मोकळा.

"अगं, जमलं! धातूचा रंग पाहून सांगितलं मी, अजून किती तापवाचं ते. त्यांचा म्हातारा फोरमन म्हणाला, असा हात लय दिवसांनी पाह्यला."

"मग? घेतलं?"

"घेतील. लगेच नाही. रेल्वेच्या वॅगनची सरकारी ऑर्डर येणार आहे त्यांच्याकडे. सरकार आता वॅगन घेऊन राहिलं नं, मंदी आहे म्हणून. ऑर्डर आली की पहिला फोन मले." तो थांबला, दम घेतला. "महिना लागो, दोन लागो. तोवर गेट आहेच नं. बाबांनी दिली हाजरी?"

मी पलंगाकडे पाहिलं. मामाजींची पाठ हलत नव्हती. ते जागे होते.

"निवेदिता? दिली नं?"

"दिली," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"मोठा माणूस आहे आपला बाप! असं कर, मी रातच्या गाडीनं निघतो, सकाळी घरी येत नाही, स्टेशनवरून सरळ गेटवरच जातो. उगाच उशीर नको. गोदूले दे जरा."

मला म्हणायचं होतं, येऊ नका. म्हणायचं होतं, तिथंच राहा, सचिनकडे, फाउंड्रीच्या दारात बसा, कुठेही बसा. पण बिनपगारी माणसाला मेहुण्याच्या घरात किती दिवस ठेवायचं, आणि इथं आम्ही काय करायचं, यातलं काहीच मला फोनवर सांगता येईना. पलंगावर मामाजी उठून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. सांगू नको म्हणत होते की सांग म्हणत होते, मला कळलं नाही.

"अगं, दे नं तिले!"

गोदूनं भाताचा हात फ्रॉकला पुसला आणि फोन माझ्या हातातून ओढून कानाला लावला. ऐकत राहिली. "हो बाबा. हो. आजोबा जोरात बोलले. सगळ्यांहून जोरात. उद्या?" मग फोन कानाला तसाच ठेवून तिनं मान वर करून मला विचारलं, "आई, बाबा म्हणून राहिले उद्या गेटवर जातो. पण त्या काकांनी तं पट्टी ठेवून बाबांचं नाव काटलं नं? मग बाबा कुठं बसतील?"